मांगरातली चूल

आमच्या गावची ग्रामसभा देवळात भरते. पंचायतीचं ऑफिस एवढंसं, की टेबल, कपाट आणि ग्रामसेवक आत गेले की बाकीच्या गावाने बाहेर उभं राहायचं. देवळाचा सभामंडप ऐसपैस आहे, फरशी गार आहे, पंखे आहेत. शिवाय पंचायतीत बोलावलं की ज्यांच्या पायात गोळे येतात ती माणसंही देवळात म्हटल्यावर अंघोळ करून वेळेवर हजर होतात.

देवळात बसायचं म्हणजे गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरुवात नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाला खड्या आवाजात सांगितलेलं मागणं. ते घालण्याचा मान आमच्याकडे एकाच घराण्याचा. त्या घरातल्या थोरल्या पुरुषाला सगळे गावकार म्हणतात. सध्याचे गावकार म्हातारे झालेत, चालताना काठी लागते, पण देवाकडे तोंड केलं की आवाज अजून रस्त्यापर्यंत जातो. ते एकेक वाक्य म्हणतात आणि वाक्य संपलं की जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" पाळण्यात असल्यापासून हे कानावर पडलेलं असतं. वाक्य काय होतं ते कानात शिरायच्या आधीच तोंडातून होकार बाहेर पडतो. माझे यजमान मंडपात बसल्या बसल्या पेंगतात, पण व्हय म्हाराजा कधी चुकत नाहीत.

मी या गावची सून. इथल्या शाळेत आणि नंतर कट्टा या जवळच्या बाजारगावात मिळून जन्मभर मास्तरकी केली. निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या वाडीची जागा महिलांसाठी राखीव झाली. कोणी उभं राहीना, म्हणून मी राहिले आणि बिनविरोध निवडून आले. माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात. यजमान म्हणतात, बिनविरोध त्याचमुळे.

सरपंच माझा विद्यार्थी. चौथीत असताना पाढे म्हणताना सतराच्या पाढ्याला हमखास पोटात दुखायचं त्याच्या. पुढे गोव्यात हॉटेलात काम केलं, परत येऊन समुद्राकडे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, आणि गेल्या निवडणुकीत सरपंच झाला. मुलगा हुशार आहे, कामाला वाघ आहे. दोष एवढाच की डोक्यात एक गोष्ट शिरली की दुसरीला जागा राहत नाही.

यंदा त्याच्या डोक्यात वीज शिरली. त्याचं म्हणणं, आपला गाव तालुक्यातला पहिला पूर्ण विजेवरचा गाव करायचा. यापुढे जे घर नवीन उभं राहील किंवा मोडून बांधलं जाईल, त्यातला स्वयंपाक, पाणी तापवणं, सगळं विजेवर. चूल नाही, सिलिंडर नाही. छपरावर सोलर. हे असल्याशिवाय पंचायतीचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर घराला नंबर नाही की विजेचा मीटर नाही.

त्याच्यामागे कारण होतं आणि ते मला ठाऊक होतं. त्याची आई धुराने गेली. डॉक्टरने कागदावर काय लिहिलं असेल ते असो, पण सबंध आयुष्य चुलीपुढे वाकून काढल्यावर शेवटच्या वर्षांत तिला ओटीवरून खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरताना दम लागायचा. हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून त्याच्या या खुळाला मी खूळ म्हणायचे, पण हसायचे नाही.

ऑगस्टातल्या ग्रामसभेत हा विषय होता. आम्ही काहीजण बोलायची तयारी करून गेलो होतो. सुरुवातीला गावकार उठले. सरपंचाने त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की गाऱ्हाण्यात या कामाचेही दोन शब्द घाला. त्यात वाईट काय? नवीन रस्त्याचं घालतात, नळपाण्याचं घालतात.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां गावाच्या बऱ्यासाठी तुझ्या दारात जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या घरातली धुराची पीडा दूर जावंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"घराघरात रांदप विजेवर होवंदे, आयाबायांचो चुलीचो जाच सुटांदे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज बायकांच्या बाजूने आला आणि त्यात माझा होता. खाली बसताना माझ्या लक्षात आलं की आपण काय म्हटलं. तोवर सरपंचाने माइक घेतला होता. म्हणाला, "विषय क्रमांक एक. देवाच्या साक्षीने सगळ्यांनीच व्हय म्हटलंय, तेव्हा चर्चेची गरज दिसत नाही. लिहून घ्या, एकमताने मंजूर."

आमचे ग्रामसेवक घाटावरचे. फोंडाघाट चढून पलीकडे त्यांचं घर. त्यांना आमच्या गाऱ्हाण्याची सवय नव्हती. सगळा गाव एका सुरात हो म्हणतोय हे त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, आणि इतकी शिस्तीची ग्रामसभा त्यांच्या सबंध नोकरीत झाली नव्हती. त्यांनी आनंदाने लिहिलं.

मी उठले. "हे मतदान नव्हतं, गाऱ्हाणं होतं," म्हटलं.

सरपंच हसून म्हणाला, "बाई, मगे देवाक खोटां सांगलास?"

मंडपात हशा पिकला आणि मी बसले. कान तापले होते माझे. पुढच्या विषयांवर मी काय बोलले ते मला आज आठवत नाही.

घरी येताना वाटेत माझी थोरली जाऊ पुढे चालत होती. सख्खी नव्हे, यजमानांच्या चुलतभावाची बायको, पण आमची घरं एका गडग्याची. गडगा म्हणजे दगडाचं कुंपण. मी तिला अक्का म्हणते. विधवा आहे, मुलगी लग्न होऊन देवगडला. आदल्या वर्षीच्या पावसात तिच्या घरावर फणस पडला आणि मधली भिंत बसली. तेव्हापासून ती मांगरात राहत होती. मांगर म्हणजे घरापासून सुटं असलेलं खोपटवजा छप्पर. त्यात लाकडं, अवजारं, नारळ, आणि तिच्या मांगरात तिची चूल.

ती चूल म्हणजे साधीसुधी नव्हे. अर्ध्या गावाचं भात तिथे उकडलं जातं. आमच्याकडे सकाळची पेज आणि दुपारचा भात उकड्या तांदळाचा. त्यासाठी भात आधी भिजवायचं, मोठ्या तांब्याच्या हंड्यात साल फुटेपर्यंत उकडायचं, मग खळ्यात पसरून वाळवायचं आणि गिरणीवर न्यायचं. पूर्वी घरोघर करायचे. आता कोणाला वेळ नाही, कोणाकडे हंडा नाही, म्हणून लोक पोती आणून अक्काच्या खळ्यात टाकतात. जळणाला नारळाची चुडतं म्हणजे सुक्या झावळ्या, सोडणं म्हणजे नारळाची वरची सालं, आणि काजूच्या फांद्या. तिचं पोट त्याच्यावर चालतं. शेगडीवर तो हंडा ठेवायचा म्हटलं तर शेगडी हंड्याखाली दिसणारसुद्धा नाही.

तिचं नवीन घर चौथऱ्यावरून छपरापर्यंत आलं होतं. लेकीजावयाने मदत केली होती. आता हवा होता तो दाखला. सभेनंतर तो मागायला ती गेली तर ग्रामसेवकांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "मावशी, याच्यात चूल दाखवलीय. नवीन ठरावात बसत नाही. मांगरातली चूल काढल्याचा फोटो द्या, लगेच दाखला देतो." त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. ठराव तसा होता.

म्हणजे घर हवं तर चूल मोडायची, आणि चूल ठेवायची तर दिवा नसलेल्या घरात राहायचं. तेही कापणी तोंडावर आलेली असताना.

हे ऐकलं आणि मी पदर खोचला. घरोघर गेले. सगळ्यांना मागच्या मोठ्या वादळाची आठवण करून दिली. किनाऱ्यावरचे खांब काडीसारखे मोडले होते, कितीतरी दिवस वीज नव्हती. मोबाइलचा टॉवर गप्प, गॅसची गाडी कट्ट्याच्या पुढे येईना. विहिरीला पाणी काठोकाठ, पण पंप बसवल्यावर लोकांनी रहाट उपटून भंगारात दिले होते. मग साड्यांना कळशा बांधून पाणी काढलं. आणि सगळ्यात मौज पंचायतीची. तिच्या छपरावर तेव्हा नवंकोरं सोलर होतं. वादळ गेल्यावर ऊन पडलं लखलखीत, पॅनेल चमकतायत लखलखीत, आणि आत काळोख. मग कळलं की हे सोलर तारेतल्या विजेला जोडलेलं असतं. तारेत वीज नाही तर तेही बंद, म्हणजे तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये. कारण बरोबर आहे, पण ते आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसांत गावातल्या लहान मुलांनी पेज प्यायली ती अक्काच्या मांगरात.

लोक सगळं ऐकून घेत. "खरा आसा बाई, अगदी खरा आसा." चहा देत. आणि शेवटी म्हणत, "पण देवाक सांगान बसलंव ना."

मला इतका संताप यायचा! निवडणुकीत दोन्ही पक्षांना शब्द देऊन तिसऱ्याला मत देणारी ही माणसं. त्यांना आता शब्दाची आठवण झाली होती. पण खरं सांगायचं तर मलाही ती भीती होतीच. भूगोल शिकवला म्हणून काय झालं. मीही हात जोडून व्हय म्हटलं होतं.

शेवटी मी अक्काला घेऊन ओरोसला निघाले. जिल्ह्याच्या ऑफिसात विचारू, असा ठराव करायचा पंचायतीला हक्क तरी आहे का. कट्ट्याहून एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली, आणि मी तिला वाटभर समजावत होते की साहेबापुढे कसं बोलायचं. चूल हा आपला वारसा आहे, परंपरा आहे, असं सांग. मी ते वाक्य घोळवून ठेवलं होतं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माका घरात विजेची शेगडीच होयी आसा."

"काय?"

"विजेची. लेकीकडे बगलंय मी. बटण दाबलां की दूद तापता. धूर नाय, काळाशी नाय. डोळ्यांतसून पाणी नाय."

"अगो, मग मी हे कोणासाठी भांडतंय?"

"तां तुका ठावक," ती म्हणाली. "मी कदी सांगलंय चुलीवर रांदूचा आसा म्हणान? माका मांगरातली चूल होयी, भात उकडूक. तां माझा काम. घरात माका बटण होया. तुमी दोघव येकच. तो म्हणता चूल नको, तू म्हणतंस चूल होयी. माका कोणी इचारल्यानी?"

मी खिडकीबाहेर पाहू लागले. शाळेत असते तर तिला बाकावर उभं केलं असतं. महिनाभर मी या बाईच्या नावाने गाव पालथं घातलं होतं आणि तिला काय हवंय हे विचारायचं राहून गेलं होतं. रागही आला आणि हसूही. तिला म्हटलं, "हे आधी सांगायचं होतंस."

"तू बोलाक दिलंस?"

ओरोसच्या ऑफिसातले साहेब तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मॅडम, वरून असा काही नियम नाही. तुमच्याच गावाने एकमताने घेतलेला निर्णय आहे. आम्ही रद्द करायला घेतला तर चौकशी, सुनावणी, वर्ष जाईल. ग्रामसभेने केलंय, ग्रामसभेतच दुरुस्त करा. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं! त्यांना आमचा देव माहीत नव्हता.

परत आल्यावर मी गावकारांच्या घरी गेले. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. म्हटलं, "देवाला पुन्हा गाऱ्हाणं घालून सांगता येईल ना, की आधी नीट समजलं नव्हतं, थोडं बदलून घेतो?"

"येता. कित्याक नाय? तो बापूस, आमी पोरां. चुकलां म्हणान सांगलां तर ऐकता तो."

"मग येत्या सभेला घालाल?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "माज्या तोंडान दिलेलो शब्द मी ह्याच तोंडान फिरवूचंय नाय. दुसऱ्या कोणी सांगांदे."

"पण दुसऱ्या कोणाला मान आहे?"

"नाय," म्हाताऱ्याने सरळ सांगितलं आणि सुपारी पुढे केली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी सुपारी खाल्ली आणि घरी आले.

त्यानंतर एकदा सरपंचालाही गाठलं. त्याच्या खोल्यांसमोर तो नळ दुरुस्त करून घेत होता. म्हटलं, "घरात सगळ्यांनी वीज वापरू दे, मांगरातली एक चूल राहू दे. तुझं काय जातं?"

त्याचा चेहरा एकदम बदलला. बाकीचं सगळं तो हसून घेतो. म्हणाला, "बाई, आवस माझी त्याच चुलीकडे बसायची. ठावक आसा ना तुमका?"

मला ठाऊक होतं, पण मी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्याची आई आणि अक्का दोघी मिळून भात उकडायच्या, पुष्कळ वर्षं. एक चुडतं सारायची, दुसरी हंडा ढवळायची. हा शाळेतून सुटला की दप्तर घेऊन तिथेच जायचा. सगळा गाव विजेवर न्यायला निघालेल्या या मुलाच्या डोळ्यांसमोर गाव नव्हताच. एक मांगर होता.

ऑक्टोबरात दुसरी ग्रामसभा आली. भात पिवळं झालं होतं. अक्काचं घर रंगवून तयार होतं, आणि आत कोयती, नारळ आणि पिंपं ठेवली होती, कारण काळोखात राहायला ती तयार नव्हती. चूल तिने मोडली नव्हती. मी विषय दिला होता, ठराव दुरुस्त करण्याचा. मंडप गच्च भरला. लोकांना दुरुस्तीपेक्षा बाईंची आणि सरपंचाची जुगलबंदी ऐकायची होती.

गावकारांनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, पाऊसपाण्याचं, गुराढोरांचं. त्यात या विषयाचं अक्षर नव्हतं. यावेळी प्रत्येकाने वाक्य पूर्ण ऐकून मगच व्हय म्हटलं. तेवढी सुधारणा झाली होती.

मग मी बोलले. वादळ, रहाट, सोलर, सगळं सांगितलं. आणि या वेळी हेही सांगितलं, की वीज नको असं कोणाचंच म्हणणं नाही. घरात वीज असू दे. पण घराबाहेर आग पेटवायला एक जागा असू दे आणि विहिरीवर एक रहाट असू दे. माना हलत होत्या. सरपंच म्हणाला, "हात वर करा." कोणीही हात वर केला नाही. एकमेकांकडे बघत राहिले. मग मागून कोणीतरी बोललं, "आदी देवाक सांगूक होया." सगळे गावकारांकडे बघू लागले, आणि गावकार काठीच्या मुठीकडे.

बायकांच्या बाजूने अक्का उठली. मला वाटलं पाणी प्यायला जातेय. ती सरळ पुढे गेली, उंबऱ्यापाशी उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. आमच्या देवळात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मनाई कोणी केली नव्हती, पण तशी वेळच कोणी येऊ दिली नव्हती. मंडपातली कुजबुज थांबली.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण थरथरत नव्हता. "मी मानाची नाय. माका घालूचो हक्क नाय. पण कोणच उठणा नाय म्हणान मी उठलंय. चुकलां तर पोटात घाल."

तिच्या वाक्याला होकार नव्हता.

"मागच्या येळेक आमी तुका व्हय म्हटलंव. तां खोटां नाय. धूर वायट आसा, तो मी गिळलेलो आसा. घरात वीज येवंदे, बायांचे डोळे बरे ऱ्हवंदेत. पण जी आग लोकांच्या पोटाक घालता, ती भायर, वाऱ्याक, पेटती ऱ्हवांदे. वादळात ज्येच्या घरात काळोख पडात, तेका येक चूल मिळांदे."

वर पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. मला व्हय म्हणायचं होतं. एकट्या माझ्या आवाजानेसुद्धा मंडप भरला असता. पण माझं तोंड उघडलंच नाही.

मग म्हणाली, "आणि म्हाराजा, जी माज्याबरोबर त्या चुलीकडे बसायची, ती तुज्याकडे ईली. तिचो झील हय बसलो आसा. तेका वाटता आमच्या चुलीन तेची आवस खाल्ल्यान. वाटांदे. मीय दुसरा काय म्हणाक शकणंय नाय. पण ती हंड्याकडे बसान हसायची तांय तेणां बगलेला आसा. तांय तेका आठवांदे."

पुरुषांच्या बाजूने, टेबलाकडून, अगदी खालच्या आवाजात आलं, "व्हय म्हाराजा."

सरपंच होता. मान खाली होती. माइक त्याच्यासमोरच होता, म्हणून ते सगळ्या मंडपात ऐकू आलं. मग गावकारांनी काठी टेकली, उभे राहिले आणि त्यांच्या त्या रस्त्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यांच्या मागून सबंध मंडप. ग्रामसेवकसुद्धा म्हणाले. लिहायचं मात्र त्यांनी हात वर होईपर्यंत थांबवलं. या वेळी ते शिकले होते.

दुरुस्तीत सरपंचाने स्वतःहून एक ओळ घातली. बाहेरच्या चुलीवर उंच धुराडं हवं आणि दोन बाजू उघड्या हव्यात. अक्काच्या मांगरावरचं धुराडं त्याने आपल्या खोल्यांच्या कामावरच्या गवंड्याकडून बसवून घेतलं. त्या दिवशी तो स्वतः तिथे उभा होता. आत मात्र आला नाही. मीही त्याला ये म्हटलं नाही. पुढे कधीतरी येईल.

दाखला मिळाला, मीटर बसला. अक्काने घरात विजेची शेगडी घेतली आणि पहिले चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दूध तापवून दाखवलं. गावात पाच-सहा विहिरींवर रहाट परत आले. बाकीचे अजून म्हणतायत, बसवूया.

कापणी झाल्यावर पोती आली आणि पहिला हंडा चढला. मी गडग्यावरून उतरून मांगरात गेले. वाफेत ती दिसतच नव्हती. धूर मात्र खरोखर वर चालला होता. मी चुडतं सारायला बसले. मला ते धड येत नाही, तिने दोनदा हात मारून बाजूला केलं.

बऱ्याच वेळाने, हंडा ढवळता ढवळता, ती म्हणाली, "सगळ्यांचो व्हय ऐकलंय मी त्या दिवशी. तेचो ऐकलंय, गावकारांचो ऐकलंय. तुझो ऐकाक येवक नाय माका."

मी म्हटलं, "घसा बसला होता."

"तुझो?" ती म्हणाली आणि ढवळायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "मगे आता म्हण."

मी हातातलं चुडत खाली ठेवलं आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"हां," म्हणाली, आणि पुन्हा ढवळू लागली.